उमेदवाराचे दोष, मतदाराचा काटा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर धुतल्या तांदळासारखा उमेदवार सापडण्याचा योग क्वचितच येतो. मतदारापुढे दोन मोठ्या पक्षांची दोन माणसे असतात आणि दोघांच्याही नावाला काही ना काही चिकटलेले असते. एकाने पदाचा वापर करून पैसे केल्याचा संशय असतो, दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात भानगड असते. कुणी खोटे बोलताना पकडला गेलेला असतो, कुणाचे वय झालेले असते. मतदाराला हे दोष दिसत नाहीत असे समजणे चुकीचे ठरेल. ते त्याला दिसतात, बऱ्याचदा चांगले लक्षातही राहतात. पण तो त्यांचे सुटे वजन करत नाही. समोरच्या पारड्यात काय आहे, हा दोष आपल्याला महाग पडणार आहे का आणि माणूस आपल्यातला आहे की परका, या तीन गोष्टी ठरल्या की दोषाचे वजनही ठरते. त्यामुळे एकाच दोषाने एक उमेदवार बुडतो आणि दुसरा त्याच दोषासकट व्हाइट हाउसमध्ये जाऊन बसतो.

१८८४ : सचोटीचा आणि शीलाचा सामना

१८८४ च्या निवडणुकीत हे सगळे एकाच वेळी पाहायला मिळते. रिपब्लिकन पक्षाने मेन राज्याचे जेम्स ब्लेन यांना उमेदवारी दिली होती. ब्लेन बुद्धिमान होते, फर्डे वक्ते होते आणि सहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सभापती राहिले होते. १८७६ पासून मात्र एक प्रकरण त्यांची पाठ सोडत नव्हते. १८६९ मध्ये सभापतींच्या खुर्चीवरून त्यांनी दिलेल्या एका निर्णयामुळे आर्कान्सामधल्या लिटल रॉक अँड फोर्ट स्मिथ या रेल्वे कंपनीचे सरकारी जमिनीचे अनुदान वाचले. पुढे त्याच कंपनीचे कर्जरोखे मेनमधल्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या गळ्यात मारून ब्लेन यांनी घसघशीत दलाली मिळवली. हा व्यवहार सांगणारी पत्रे बॉस्टनचे एक हिशेबनीस जेम्स मलिगन यांच्या हाती होती. त्यांतल्या एका पत्रात, वाचून झाल्यावर ते जाळून टाकावे, अशी सूचना खुद्द ब्लेन यांनीच केली होती. पत्र जळाले नाही. १८८४ च्या सप्टेंबरात आणखी काही पत्रे छापून आली, तेव्हा हा मजकूर देशभर वाचला गेला.

डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड. सरकारी पैशाच्या बाबतीत त्यांचे नाव खणखणीत होते. बफलोचे महापौर असताना रस्तेसफाईचे फुगवलेले कंत्राट त्यांनी नकाराधिकार वापरून फेटाळले होते आणि त्या एका कामाने त्यांची कीर्ती राज्यभर गेली होती. पण जुलैमध्ये बफलोच्या एका सायंदैनिकाने बातमी दिली की, या अविवाहित गव्हर्नराला मारिया हॅल्पिन नावाच्या विधवेपासून दहा वर्षांपूर्वी मुलगा झाला आहे. समर्थकांनी घाबरून विचारणा केली तेव्हा क्लीव्हलंड यांनी तारेने उत्तर पाठवले : खरे असेल ते सांगा. मुलाच्या पालनपोषणासाठी आपण पैसे दिले, हे त्यांनी नाकारले नाही. रिपब्लिकन मिरवणुकांत ‘बाबा कुठे गेले’ असे विचारणाऱ्या लहान मुलाच्या आवाजातल्या घोषणा दुमदुमू लागल्या.

म्हणजे एका पारड्यात पदाच्या आडून केलेली कमाई होती आणि दुसऱ्यात लग्नाबाहेरचे मूल. रिपब्लिकन पक्षातल्या सुधारकांचा एक गट या वेळी उघडपणे क्लीव्हलंड यांच्याकडे वळला. कार्ल शुर्त्झ, ‘हार्पर्स वीकली’चे संपादक जॉर्ज विल्यम कर्टिस अशी वजनदार माणसे त्यात होती. या गटाला मगवम्प हे टोपणनाव पडले. त्यांच्या गोटात फिरणारा युक्तिवाद असा होता : क्लीव्हलंड सार्वजनिक कामात चोख आणि खासगीत घसरलेले, ब्लेन खासगीत आदर्श आणि सार्वजनिक कामात घसरलेले. तेव्हा क्लीव्हलंड यांना सार्वजनिक पदावर बसवावे आणि ब्लेन यांना त्यांच्या शोभिवंत खासगी आयुष्यात परत पाठवावे.

त्या निवडणुकीत तिसराही एक दोष होता, पण त्याचे फारसे काही झाले नाही. यादवी युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीत क्लीव्हलंड यांनी पैसे देऊन स्वतःच्या जागी बदली माणूस पाठवला होता. एरवी हा मुद्दा जीवघेणा ठरला असता, पण ब्लेन यांनीही तेच केले होते. दोन्ही पारड्यांत सारखे माप पडले आणि काटा जागचा हलला नाही.

निकाल केसाच्या अंतराने लागला. देशभरच्या मतांत दोघांमध्ये जेमतेम अर्ध्या टक्क्याचे अंतर होते. राष्ट्राध्यक्ष ज्यांवर ठरतो ती राज्याराज्यांची निर्वाचक मते २१९ विरुद्ध १८२ अशी पडली आणि ती ठरवली न्यूयॉर्क राज्याच्या ३६ मतांनी. तिथे क्लीव्हलंड सुमारे हजार-अकराशे मतांनी पुढे राहिले. एवढ्या कमी अंतराला अनेक कारणे पुरतात. २९ ऑक्टोबरला सॅम्युएल बर्चर्ड या पाद्र्याने ब्लेन यांच्या देखत विरोधी पक्षाला दारू, रोमन धर्मपंथ आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हटले, ब्लेन गप्प राहिले आणि न्यूयॉर्कचे आयरिश कॅथलिक बिथरले. त्याच रात्री डेल्मॉनिको या महागड्या उपाहारगृहात ते धनाढ्यांच्या पंक्तीला बसले आणि दुसऱ्या दिवशी त्या मेजवानीचे व्यंगचित्र ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पहिल्या पानावर झळकले. लोकांनी सचोटी आणि शील यांत सचोटी निवडली, असा निष्कर्ष या निकालावरून काढायचा तर जपून काढायला हवा.

आणखी एका कारणानेही जपायला हवे. ऑक्टोबरच्या अखेरीस मारिया हॅल्पिन यांचे प्रतिज्ञापत्र प्रसिद्ध झाले. क्लीव्हलंड यांनी आपल्यावर बळजबरी केली, असा त्यांचा आरोप होता. त्यांचे मूल अनाथाश्रमात गेले होते आणि त्यांना स्वतःला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यात आले होते. हा आरोप प्रचाराच्या गदारोळात विरला. मगवम्पांनी आखलेली खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधली रेघ किती सोयीची होती, हे इथे उघडे पडते. त्या रेघेच्या पलीकडे जिचे आयुष्य मोडले तिला मत नव्हते. अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला १९२० साल उजाडावे लागले. ज्याला दोषाची झळ बसते तोच काट्यापाशी नसेल, तर वजन हलके भरणारच.

स्वार्थ : घटनेने गृहीत धरलेला दोष

उमेदवार स्वार्थी असतो ही तक्रार अमेरिकेत नवी नाही. राज्यघटनाच ते गृहीत धरून बांधलेली आहे. घटनेच्या समर्थनार्थ १७८८ मध्ये लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’च्या ५१ व्या लेखाचा युक्तिवाद असा की, माणसे देवदूत नाहीत, म्हणून एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने अडवली पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये हाच विचार पार टोकाला नेला. पक्ष आणि उमेदवार धोरणे राबवण्यासाठी निवडणुका जिंकत नाहीत, निवडणुका जिंकण्यासाठी धोरणे आखतात, असे त्यांनी मांडले. या हिशेबाने उमेदवाराचा स्वार्थ हा दोषच उरत नाही. दुकानदाराला नफा हवा असतो म्हणून गिऱ्हाइकाला माल मिळतो, तसे.

मतदार एवढा थंड डोक्याचा नसतो. सत्तेची हाव तो पोटात घालतो, पण सत्तेचा सौदा त्याला खपत नाही. १८२४ मध्ये चार उमेदवारांच्या लढतीत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ आणि जॉन क्विन्सी अॅडम्स यांना ८४ निर्वाचक मते मिळाली. बहुमत कुणालाच नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे सभापती हेन्री क्ले यांनी अॅडम्स यांना पाठिंबा दिला, अॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री केले. कदाचित आधी काहीही ठरले नसेल, पण हा भ्रष्ट सौदा आहे अशी बोंब जॅक्सन यांनी चार वर्षे चालू ठेवली. १८२८ मध्ये अॅडम्स यांच्या माणसांनी उलट जॅक्सन यांच्या लग्नाचा विषय काढला. त्यांच्या पत्नी रेचल यांचा पहिल्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट पुरा होण्याआधीच दोघांनी लग्न केले होते आणि पुढे १७९४ मध्ये पुन्हा विधी करावा लागला होता. मतदारांनी सौद्याचा राग धरला, लग्नाकडे काणाडोळा केला. जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ मतांनी जिंकले. रेचल मात्र पती पदावर बसण्याआधीच, त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारल्या.

पैशाच्या स्वार्थाबाबत मतदाराची कसोटी आणखी विचित्र आहे. तो रक्कम पाहत नाही, ढंग पाहतो. १९५२ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या देणगीदारांनी सुमारे १८,००० डॉलरचा निधी चालवल्याचे बाहेर आले. २३ सप्टेंबरला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर घरचा सगळा जमाखर्च मांडला. घरावरचे कर्ज सांगितले, बायकोच्या अंगावर साधा कापडी कोट आहे हे सांगितले आणि मुलींना भेट मिळालेले चेकर्स नावाचे कुत्रे काही आपण परत करणार नाही, असेही सांगितले. सुमारे ६ कोटी लोकांनी ते पाहिले. निधीचा प्रश्न बाजूला राहिला आणि हा आपल्यासारखाच कर्जाचे हप्ते फेडणारा माणूस आहे, हे लोकांच्या मनात ठसले. तारांचा पाऊस पडला आणि निक्सन यांची उमेदवारी वाचली.

लिंडन जॉन्सन यांच्या कुटुंबाने ऑस्टिनमधले एक रेडिओ केंद्र १९४३ मध्ये १७,५०० डॉलरला घेतले होते. नभोवाणीचे परवाने सरकारच्या हातात, जॉन्सन वॉशिंग्टनच्या राजकारणात, आणि व्यवसाय वाढत वाढत कुटुंब कोट्यधीश झालेले. १९६४ मध्ये यावर लिहून आले, तरी जॉन्सन ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. उलट जिमी कार्टर यांनी पदावर जाताना शेंगदाण्याचा कौटुंबिक धंदा विश्वस्तांकडे सोपवला. १९८१ मध्ये ते परतले तेव्हा त्या धंद्यावर दहा लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. या निःस्वार्थीपणाचे मतदाराने काय केले? १९८० मध्ये कार्टर यांना अवघी ४९ निर्वाचक मते मिळाली, रॉनल्ड रेगन यांना ४८९. दोषाला थोडे तरी वजन असते, गुणाला त्याहूनही कमी असते, असे म्हणायला हा दाखला पुरेसा आहे.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. हितसंबंध गुंतलेल्या कामात अधिकाऱ्याने हात घालू नये, या फौजदारी तरतुदीतून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष वगळलेले आहेत. १९७८ च्या कायद्याने संपत्तीचा ढोबळ तपशील द्यावा लागतो. प्राप्तिकराची विवरणपत्रे खुली करणे हा मात्र निक्सन यांच्या काळानंतर पडलेला निव्वळ पायंडा आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्हे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते. अमेरिकेतला पायंडा २०१६ मध्ये डोनल्ड ट्रम्प यांनी मोडला. कर चुकवल्याचा रोख आला तेव्हा भर वादसभेत त्यांनी त्यालाच आपल्या हुशारीचा पुरावा म्हटले. त्याआधी २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणखी धीट विधान केले होते. आपण सगळ्याच राजकारण्यांना पैसे देत आलो आणि गरज पडली की ते आपले काम करतात, असे ते म्हणाले. म्हणजे व्यवस्था सडलेली आहे याचा साक्षीदार मीच आणि ती दुरुस्त करणारा कारागीरही मीच. स्वार्थाची कबुली हीच पात्रता म्हणून पुढे करण्याचा असा उघड प्रयोग आधी कुणी केला नव्हता.

आपला तो बाब्या

दोष कुणाचा, यावर त्याचे वजन ठरते. मिशिगन विद्यापीठातल्या चार संशोधकांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द अमेरिकन व्होटर’ या ग्रंथाने दाखवून दिले की, बहुसंख्य अमेरिकी माणसे पक्ष जवळजवळ धर्मासारखा घरातूनच घेऊन येतात आणि मग त्या चष्म्यातून बातम्या पाहतात. आपल्या उमेदवारावरचा आरोप त्यांना शत्रूचे कारस्थान वाटते, समोरच्यावरचा आरोप मात्र त्याच्या स्वभावाचा पुरावा. मराठीत याला आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे म्हणतात.

चष्मा बदलला की तत्त्वही बदलते, याचा आकड्यांतला पुरावा ठसठशीत आहे. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का, असा प्रश्न पीआरआरआय या संस्थेने २०११ मध्ये विचारला होता. श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले होते. २०१६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ७२ टक्के ‘हो’ म्हणाले. या पाच वर्षांत धर्मग्रंथ बदलला नव्हता, उमेदवार बदलला होता. त्या वर्षी या गटातल्या दहांपैकी आठांनी ट्रम्प यांना मत दिले. त्यामागे ढोंगच होते असे म्हणणे मात्र अपुरे आहे. सर्वोच्च न्यायालयातली एक जागा रिकामी होती आणि गर्भपाताच्या प्रश्नावर आपल्या मताचा न्यायाधीश यावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. उमेदवाराच्या शीलापेक्षा त्यांना ते मोलाचे वाटले.

राजकारणाच्या अभ्यासात या देवघेवीला नावही आहे, अध्याहृत सौदा. १९७७ मध्ये तीन अमेरिकी अभ्यासकांनी मांडले की, मतदार भ्रष्ट उमेदवाराला फसून मत देतो असे नव्हे. त्याला जे धोरण हवे आहे ते देणारा हाच असेल, तर भ्रष्टाचार ही तो किंमत म्हणून मोजतो. त्यानंतर १९६८ ते १९७८ मधल्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका तपासल्या गेल्या. आरोप असलेल्यांची मते अपेक्षेपेक्षा सुमारे ६ ते ११ टक्क्यांनी घटली होती, आणि तरीही त्यांच्यातले बहुतेक निवडून आले होते. दंड बसतो, पण मतदारसंघ पक्का असेल तर तो परवडतो. २०२० मध्ये मॅथ्यू ग्रॅहॅम आणि मिलान स्वोलिक यांनी प्रयोगातून पाहिले की, लोकशाहीचे नियम मोडणाऱ्या आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला शिक्षा करायला किती मतदार तयार असतात. त्यांचा आकडा शंभरात साडेतीनच्या आसपास आला.

म्हणूनच दोषाचा खरा घाव सार्वत्रिक निवडणुकीत बसत नाही, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत बसतो. तिथे सगळेच आपले असतात, चष्म्याचा उपयोग नसतो आणि पर्याय हाताशी असतो. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी घटस्फोट घेऊन १९६३ मध्ये दुसरे लग्न केले. नव्या पत्नीला पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक निवडणुकीच्या तीन दिवस आधी मुलगा झाला, सगळा विषय मतदारांच्या डोळ्यांपुढे पुन्हा ताजा झाला आणि रॉकफेलर ती निवडणूक बॅरी गोल्डवॉटर यांच्याकडून हरले. १९८७ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीत आघाडीवर असलेले गॅरी हार्ट विवाहबाह्य संबंधाच्या बातमीनंतर काही दिवसांतच स्पर्धेतून बाहेर पडले. घटस्फोटित माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो हे १९८० मध्ये रेगन यांनी सिद्ध केले, तेव्हा रॉकफेलर हयात नव्हते.

पोटाचा हिशेब

१९९२ च्या जानेवारीत बिल क्लिंटन यांच्यावरही हार्ट यांच्यासारखाच प्रसंग आला. त्यांनी पत्नीसह दूरचित्रवाणीवर येऊन संसारात दुखणी होती हे कबूल केले, तपशील टाळला आणि न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीत दुसरे आले तरी विजेत्याच्या थाटात भाषण केले. पुढच्या लढतीत समोर जॉर्ज बुश होते. युद्धात लढलेल्या, संसारात स्वच्छ असलेल्या बुश यांच्या खात्यावर एकच मोठा डाग होता. नवे कर लावणार नाही असे १९८८ मध्ये ठासून सांगितले आणि १९९० मध्ये कर वाढवले. मंदीने गांजलेल्या मतदाराला क्लिंटन यांच्या लग्नातला खोटेपणा त्यांच्या पत्नीचा प्रश्न वाटला आणि बुश यांचा खोटेपणा स्वतःच्या खिशाचा. क्लिंटन ४३ टक्के मतांवर निवडून आले.

सहा वर्षांनी मोनिका लुइन्स्की यांच्याशी असलेल्या विवाहबाह्य संबंधाचे प्रकरण उद्भवले. १९ डिसेंबर १९९८ रोजी प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग लावला. त्याच सुमारास गॅलपच्या चाचणीत त्यांचे काम पसंत असल्याचे ७३ टक्के लोकांनी सांगितले. हेच लोक त्यांना सत्यवचनी मानत होते असे अजिबात नव्हे. राज्यशास्त्रज्ञ जॉन झॅलर यांनी तेव्हा लिहिले की शांतता, भरभराट आणि मध्यममार्गी धोरण ही राजकारणातली ठोस द्रव्ये वृत्तपत्रांच्या गोंगाटाला पुरून उरतात.

भरभराट दोष झाकते तशी टंचाई तो उघडा करते. निक्सन यांच्या माणसांनी १७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घरफोडी केली. नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकले. बातम्या येत होत्या, पण त्यांचा धागा राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचतो यावर फार थोड्यांचा विश्वास होता. १९७३ च्या जानेवारीत सुमारे दोन तृतीयांश लोक त्यांच्यावर खूश होते, १९७४ च्या ऑगस्टमध्ये २४ टक्के उरले. मधल्या काळात पुरावे पुढे आले हे खरेच, पण त्याच काळात पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि महागाई भडकली, हेही खरे.

कोणता दोष बोचतो

मतदार माणसाला ढोबळमानाने चार बाजूंनी जोखतो, असे मतदार-सर्वेक्षणांच्या अभ्यासातून दिसते : वकूब, नेतृत्व, सचोटी आणि आपल्याबद्दलची कळकळ. पैकी सचोटीचा बोलबाला सर्वांत जास्त, पण तोल बहुधा इतर तीन बाजू ठरवतात. खोटारडा पण खंबीर माणूस चालतो, प्रामाणिक पण ढिला चालत नाही. म्हातारपण हा शीलाचा दोष नाही, तरी २७ जून २०२४ च्या वादसभेत जो बायडन यांचे अडखळणे लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि २१ जुलैला त्यांना माघार घ्यावी लागली. तिथे खुलासा चालत नव्हता.

मतदाराला तपशिलात जायला सवड नसते, म्हणून तो लहानशा खुणेवरून मोठा अंदाज बांधतो. जेराल्ड फोर्ड १९७६ मध्ये टेक्सासात सॅन अँटोनिओ इथे गेले असताना त्यांना तमाले हा मेक्सिकन पदार्थ दिला गेला. मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेला हा पदार्थ साल काढून खायचा असतो. फोर्ड यांनी सालीसकट घास घेतला. सॅम्युएल पॉपकिन या अभ्यासकाने ही गोष्ट नावारूपाला आणली. ज्याला आपले जेवण ठाऊक नाही त्याला आपली दुःखे काय ठाऊक असणार, असा विचार मेक्सिकन वंशाच्या मतदाराने केला, तर तो अगदीच वेडगळ म्हणता येत नाही. पॉपकिन यांनी याहून कडवट गोष्टही सांगितली आहे : उमेदवाराच्या माणूसपणाची चटपटीत माहिती त्याच्या कारभाराच्या रटाळ माहितीला बाजारातून हाकलून लावते.

आणि काही दोष तर मतदाराला आवडतात. २०१८ मध्ये तीन समाजशास्त्रज्ञांनी दाखवले की, प्रस्थापित वर्ग आपल्याला तुच्छ लेखतो असे ज्यांना वाटते, त्यांना सर्रास खोटे बोलणारा उमेदवार खरा वाटू शकतो. तो खोटे बोलतो हे त्यांना कळत असते. पण त्या खोट्याने ज्यांचा जळफळाट होतो ते लोक त्यांनाही नकोसे असतात.

दोन्ही नकोत, तर?

२०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत हिलरी क्लिंटन यांना प्रामाणिक मानणारे सुमारे ३६ टक्के आणि ट्रम्प यांना मानणारे ३३ टक्के निघाले. पदासाठी पात्र मात्र ५२ टक्क्यांनी क्लिंटन यांना आणि ३८ टक्क्यांनीच ट्रम्प यांना ठरवले. जवळजवळ दर पाच मतदारांतल्या एकाला दोघेही नापसंत होते. दगडापेक्षा वीट मऊ असे म्हणत या लोकांनी कुणाला निवडले? ट्रम्प यांना ४७ टक्क्यांनी, क्लिंटन यांना ३० टक्क्यांनी. दोन्ही माणसे वाईट वाटली की प्रश्न माणसांचा राहत नाही, आहे ते चालू ठेवायचे की मोडायचे एवढाच उरतो. उमेदवारात बदल घडवण्याची धमक हवी, असे ज्यांनी सांगितले त्यांच्यातल्या दहांपैकी आठांनी ट्रम्प निवडले.

तिसरीकडे जाण्याची वाट आहे, पण ती महाग आहे. बहुतेक राज्यांत ज्याला सर्वाधिक मते त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. १८८४ मध्ये न्यूयॉर्कात दारूबंदी पक्षाला सुमारे २५,००० मते पडली. ती बव्हंशी रिपब्लिकन घरांतली होती आणि ब्लेन हरले ते हजार-अकराशेंनी. २००० मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते मिळाली आणि अल गोर ५३७ मतांनी मागे राहिले. दोन्ही पारडी नाकारणाऱ्याचे मत शेवटी एका पारड्यात जाऊन पडते, आणि बहुधा ते त्याला अधिक नकोशा असलेल्या उमेदवाराचे असते.

आणि दोष न्यायालयातच सिद्ध झाला, तर? शिक्षा झालेल्या माणसालाही अमेरिकी घटना उमेदवारीपासून रोखत नाही. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी १९२० ची निवडणूक अॅटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मते मिळवली. ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या ज्यूरीने व्यवसायाच्या नोंदी खोट्या केल्याबद्दल ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले. नोव्हेंबरमध्ये ते ४९.८ टक्के लोकमते आणि ३१२ निर्वाचक मते घेऊन निवडून आले. क्लीव्हलंड यांच्यानंतर, मध्ये एक कार्यकाळ सोडून परत आलेले ते दुसरेच राष्ट्राध्यक्ष. १० जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून कोणतीही शिक्षा न देता त्यांना मोकळे केले. दहा दिवसांनी त्यांनी शपथ घेतली.